कर्ता शोधा

नायगावात पिठाच्या गिरणीवर आमची खोली होती.
खाली दळण सुरू झालं की वर टेबल थरथरायचं
आणि सायक्लोस्टाइलच्या ओल्या शाईवर
ज्वारीचं पीठ बसायचं, अलगद.
आमच्या पहिल्या चार अंकांना
भाकरीचा वास आहे. अजूनही. हुंगून बघा.

मी तिथे शुद्धलेखन तपासायला जायचे. तेवढंच.
म्युनिसिपालिटीच्या शाळेत सातवीला मराठी शिकवणारी,
चळवळीत वगैरे नव्हते मी.
ऱ्हस्व-दीर्घ बघायचे, अनुस्वार बघायचे,
स्टेन्सिलवर चूक सापडली की
गुलाबी औषधाचा ठिपका, एक फुंकर, पुन्हा अक्षर.
साडेसातला घरी.

झुबेदा मुकादम हँडल फिरवायची.
तिचा दंड बघून फ्लॉरी म्हणायची,
तुला कोण मारणार गं, तूच मारशील.
झुबेदा त्यावर कधी हसली नाही.

हिरा शिवतरकर वाइंडिंग खात्यातली.
लिहायला यायचं नाही. ती सांगायची,
मी उतरवून घ्यायचे.
जॉबरने जिन्यात काय केलं ते तिने सांगितलं
एका दमात, बांगडी मागेपुढे करत.
मी उतरवलं: 'कामगार स्त्रीवर अत्याचार झाला.'
वाचून दाखवलं.

'झाला?
पाऊस झाल्यासारखा?
बाई, मी त्याचं नाव सांगितलं होतं.
ते कुठं सांडलं?'

मी म्हटलं, असं लिहायची पद्धत असते.
ती काही बोलली नाही.
खाली कुणाचं तरी दळण संपलं,
टेबल एकदम स्थिर झालं.

त्या रात्री सातवी ब च्या वह्या.
पुढील वाक्यांतील कर्ता शोधा. गुण पाच.
एकेका वहीवर लाल टिक करत होते
आणि मध्येच मनात: अत्याचार झाला.
कर्ता: अत्याचार.
बरोबर. व्याकरणात तसूभरही चूक नाही.

मग, का कोण जाणे, दुसरं वाक्य वर आलं,
धाकट्या बहिणीच्या पंचनाम्यातलं,
सात वर्षं ट्रंकेत, तिच्याच स्वेटराखाली ठेवलेलं.
'स्टोव भडकला.'
कर्ता: स्टोव्ह.
क्रियापद अकर्मक. प्रयोग कर्तरी.
पोलीस चौकीत तो कागद हातात दिला तेव्हा
मला एवढंच दिसलं होतं
की हवालदाराने 'व्ह'चा 'व' केलाय.

फ्लॉरी लोपीस हॉस्पिटलात, जळीत वॉर्डात.
पोलीस यायच्या आत बायका जे पुटपुटत
ते ती औषधांच्या यादीमागे लिहून ठेवायची.
मी तिला विचारलं, सहज विचारल्यासारखं.
ती इंजेक्शनच्या सुया उकळायला लावाव्यात तशा आवाजात म्हणाली,
'स्टोव्ह बाईच्या समोर असतो.
तुझ्या बहिणीचं काय भाजलं होतं?'

पाठ.

सातव्या अंकाचं स्टेन्सिल मी स्वतः कापलं.
हिराची हकीकत, तिच्या शब्दांत, जॉबरच्या नावासकट.
खाली चार ओळी माझ्या.
त्यांतल्या पहिल्या वाक्याला कर्ता आहे,
'ने' प्रत्यय लागलेला, आडनावासह,
आणि कर्माच्या जागी माझी बहीण, सुलभा.
हात थरथरला, दोन ठिकाणी कागद फाटला.
गुलाबी बाटली शेजारीच होती.

निकाल वगैरे काही लागला नाही.
तो कल्याणला असतो, मेहुणा. नातवंडं झाली.
जॉबरने नोटीस पाठवली, ती आम्ही भिंतीला चिकटवली.
मला मुख्याध्यापकांनी बोलावून घेतलं, चहा दिला,
'तुमच्यासारखीने' एवढं म्हणून वाक्य सोडून दिलं.

झुबेदाने तीनशे प्रती काढल्या त्या दिवशी.
शाई संपत आली होती.
शेवटच्या साठेक प्रतींत नेमकी नावंच
फिकी पडत गेली, मग दिसेनाशी.
आम्ही जमिनीवर बसलो, पेनं घेतली
आणि एकेक नाव हाताने गिरवलं, सगळ्याजणींनी.
हिरानेसुद्धा. मी तिचा हात धरला होता.

आयुष्यात तिने गिरवलेलं पहिलं अक्षर
ग म भ न मधलं नव्हतं, स्वतःच्या नावातलंही नव्हतं,
त्या माणसाच्या नावातलं होतं.

मला अजून त्याचं वाईट वाटतं.
तिला नाही.
तिने वर बघून विचारलं, 'काना पुरेसा लांब आला का?'